एकट्याच?

पुण्यात बाईला एकटीनं घराबाहेर पडायचं असेल तर निमित्ताला देव लागतो. भाजी, बँक, दवाखाना यांतलं काहीही सांगून बघा. एक तर कुणीतरी "थांब, मीपण येतो" म्हणत चपला शोधायला लागतं, नाहीतर "मग येताना..." अशी सुरू होणारी यादी हातात पडते. 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणावं, तर पाय घरातल्या घरात का मोकळे होत नाहीत, याची चौकशी सुरू होते. देवाला जाते म्हटलं की मात्र सगळे गप्प. आमच्याकडे देवाला जायची हौस सासूबाईंशिवाय कुणाला नाही, आणि सासूबाईंचे गुडघे त्यांना जिना उतरू देत नाहीत.

म्हणून डिसेंबरातल्या एका गार सकाळी मी जाहीर केलं, "तळ्यातल्या गणपतीला जाऊन येते."

"आज बुधवार," अहो पेपरामागून म्हणाले.

"मंगळवारी गर्दी असते."

"एकटीच?"

"गणपती आहे ना तिथं."

यावर उत्तर नसल्यामुळे पेपराचं पान उलटलं गेलं. आतून सासूबाईंनी हाक मारली. आता यादी येणार म्हणून मी दारातच थिजले, पण त्या एवढंच म्हणाल्या, "माझाही नमस्कार सांग हो." नमस्काराला पिशवी लागत नाही. मी मोकळ्या हातांनी बाहेर पडले.

आणि तिथंच घोळ झाला. आमच्या भागात मोकळ्या हातांनी चाललेली मध्यमवयीन बाई हे काळजीचं कारण असतं. हातात पिशवी असली की तुम्ही भाजीला निघालात, फाइल असली की डॉक्टरकडे, ताटली झाकलेली असली की कुणाकडे तरी नैवेद्य घेऊन. हातात काहीच नसलं की घरात भांडण झालेलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दार किलकिलं करून विचारलं, "एकट्याच? बरं आहे ना सगळं?" त्या 'सगळं'मध्ये आमचे अहो, सासूबाई, गृहकर्ज आणि परदेशातला मुलगा असं सगळं होतं. बरं आहे म्हटल्यावर त्या जरा हिरमुसल्याच.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मोबाइल वाजला. आमच्या पोळ्यांच्या ताईंचा निरोप होता: 'काकू आज येनार नाही. दाढ लय दुखतीया. डाक्टरकडे चाललेय.' आता खरं म्हणजे मी परत वर जाऊन ही बातमी द्यायला हवी होती. पण दिली असती तर पुढच्या मिनिटाला मी कणीक मळत उभी असते, आणि गणपतीला कुणाचाच नमस्कार पोचला नसता. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चालायला लागले. पोळ्यांना अजून दीड तास अवकाश होता.

टिळक रस्त्यावर एक रिक्षा शेजारी येऊन हळू झाली. एरवी सासूबाईंना हाडाच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं तेव्हा याच रस्त्यावर उभं राहून मी हात दाखवते, आणि रिक्षावाले मान एका बाजूला झुकवून निघून जातात. त्या मानेचा अर्थ पुण्यात नवीन आलेल्यालाही दुसऱ्या दिवशी कळतो. आज मला कुठंच जायचं नव्हतं, तर हा आपण होऊन थांबला. "बसा काकू. कुठं सोडू?"

"कुठं नाही. चालतेय."

"एकट्याच?" असं म्हणून त्यानं हळहळत रिक्षा पुढं काढली. आमच्या भांडणाची बातमी तोवर हिराबागेपर्यंत पोचलेली असावी.

हिराबाग ओलांडली की तळं सुरू होतं. म्हणजे व्हायचं. अठराव्या शतकात. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास आंबिल ओढ्याचं पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, मधोमध बेट ठेवलं, बेटावर बाग केली. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, त्या बेटावर उजव्या सोंडेचा सिद्धिविनायक बसला. तेव्हा तो खरोखरच तळ्यातला गणपती होता. पुढं तळं आटत गेलं, बुजलं, महापालिकेनं तिथं आजची सारसबाग केली, आणि आज जिथं लोक लॉनवर डबे उघडून बसतात तिथं एकेकाळी होड्या चालायच्या. पाणी गेलं म्हणून पुणेकरानं पत्ता मात्र बदलला नाही. देवळाभोवती कमळांचं एक आटोपशीर कुंड आहे, त्यात मासे आहेत, कासवं आहेत. तेवढ्या ओलाव्यावर तळ्याचा मान आजतागायत टिकून आहे. बाहेरगावचे पाहुणे 'तळं कुठाय?' विचारतात तेव्हा आम्ही, हा काय प्रश्न झाला, अशा नजरेनं त्यांच्याकडे बघतो.

या तळ्याची एक आख्यायिका मला फार आवडते. असं सांगतात की नानासाहेब गुप्त मसलतीसाठी नावेत बसून तळ्याच्या मध्यावर जायचे, आणि नाव वल्हवायला मुद्दाम मराठी न समजणारे नावाडी ठेवलेले असायचे. खरी की खोटी, हे इतिहासकारांनी बघावं. मला पटते. अटकेपार झेंडे लावणाऱ्या राज्याचा धनी, हाताशी फौजा, शनिवारवाड्याच्या एवढ्या जाड भिंती. तरी पुण्यात चार शब्द दुसऱ्याच्या कानावर न जाता बोलायचे तर त्यालाही चहूबाजूंनी पाणी लागत होतं. मग दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या माझ्यासारखीनं काय करावं?

देवळात गेले. गणपतीनं स्वेटर घातला होता. ही थट्टा नाही. थंडी पडली की सारसबागेतल्या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. ते रूप बघायला लोक लांबून येतात, आणि दर वर्षी न चुकता वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या कानटोपीत तो इतका घरचा दिसतो, की हात जोडताना 'नाश्ता झाला का' विचारावंसं वाटतं. मी सासूबाईंचा नमस्कार सांगितला, माझा केला, आणि कुंडाच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. एक कासव दगडावर चढत होतं. अर्धं चढायचं, घसरायचं, परत पाण्यात. दुसरं कासव त्याच दगडावर आधीपासून डोळे मिटून बसलेलं होतं. त्यानं इंचभरही जागा दिली नाही. त्याचा मला आदर वाटला.

आता बाकावर बसून काहीही न करण्याचा माझा बेत होता. पाचेक मिनिटं तो पारही पडला. मग समोरच्या हिरवळीवर पंचवीसतीस ज्येष्ठ मंडळी गोल करून उभी राहिली, एकानं शिट्टी वाजवली आणि सगळे एकदम हसायला लागले. हास्यक्लब. आधी हो-हो, मग हा-हा, मग दोन्ही हात आकाशाकडे करून नुसतंच तोंड उघडं ठेवून, बिनआवाजाचं. विनोदाशिवाय इतकं हसू येतं हे पाहून विनोदी लिहिणाऱ्या माणसाला आपल्या भवितव्याची चिंता वाटू लागते. गोलातल्या एका काकांनी मला हेरलं. "एकट्याच बसलात? या, हसा!"

"नको, मी आपली..."

"लाजू नका. पहिल्यांदा सगळेच लाजतात." त्यांनी गोलात माझ्यापुरती जागाही केली. लगोलग हसणारं सगळं वर्तुळ माझ्याकडे तोंड करून हो-हो करू लागलं. ज्यांच्यावर कधी तीस माणसं एकाच वेळी, तालावर आणि प्रकृतीस्वास्थ्यासाठी हसलेली नाहीत, त्यांना हा अनुभव समजायचा नाही. मी उठले.

शेजारी पेशवे पार्क. सासूबाईंच्या बोलण्यात अजून ते प्राणिसंग्रहालयच आहे. १९५३ मध्ये सुरू झालं, आणि पुढं प्राणी कात्रजला गेले. पण रात्री सगळं निजानीज झालं की वाघाची डरकाळी थेट आमच्या आळीत ऐकू यायची, असं त्या अशा काही खात्रीनं सांगतात, की मलाच मध्येच कधी ऐकू आल्यासारखी वाटते. फुलराणी ही छोटी आगगाडी मात्र राहिली. या भागात असलेल्या गोष्टींपेक्षा नसलेल्या गोष्टींचीच वस्ती दाट आहे. तळं नाही, वाघ नाही, पेशवे नाहीत. पत्ते सगळे त्यांच्याच नावावर.

पाण्याचंही तसंच असावं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. त्या रात्रीबद्दल इथलं कुणीही हसून बोलत नाही. आपण ओढ्याच्या पात्रात इमारती बांधून ओढ्याला विसरलो, एवढंच. त्यानं आपल्याला विसरायचं काही कारण नव्हतं.

पर्वतीच्या पायथ्याशी यायला रस्ता ओलांडावा लागतो. तो मी ओलांडला. त्याचं वर्णन करणार नाही, वाचणारे पुण्याचे असतील तर त्यांना माहीत आहे आणि बाहेरचे असतील तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

पर्वतीला १०३ पायऱ्या. नुसत्या पायऱ्या म्हणणं बरं नव्हे. एकेक पायरी म्हणजे दगडी चौथराच, रुंद आणि पसरट, हत्तीलाही चढता यावं अशा बेतानं बांधलेली, असं सांगतात. हत्तीच्या पावलाला ती नेमकी बसत असेल. माणसाला एका पावलात पुरत नाही आणि दोन पावलांना उरते, त्यामुळे प्रत्येक पायरीवर तोच गुडघा कामाला येतो. वर्षानुवर्षं पर्वती चढणारे पुणेकर म्हणूनच एका बाजूनं काटक असतात. मी डाव्या पायानं सुरुवात केली आणि साधारण चाळिसाव्या पायरीला उजवा पाय आपला आहे की नाही, हे चाचपून पाहिलं.

पर्वती चढणाऱ्यांत जाती आहेत. धावत चढणारे तरुण असतात, त्यांच्या कानात बोंडं असतात, ते आपल्याकडे बघत नाहीत, म्हणून मला ते प्रिय आहेत. 'आजची तिसरी फेरी' असं न विचारता सांगणारे आजोबा असतात. आणि पायऱ्या मोठ्यांदा मोजणाऱ्या बायका असतात, ज्या एकाहत्तरवर बोलायला लागतात आणि मग पुढचा आकडा चौऱ्याऐंशी की त्र्याहत्तर यावर थांबून राहतात. तिसऱ्या फेरीवाले आजोबा मला उतरताना भेटले, चढताना भेटले, आणि परत उतरताना भेटले तेव्हा मी जिथं होते त्यापासून फार पुढं नव्हते. "एकट्याच का?" त्यांनी दमही न लागता विचारलं. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी एक बोट वर केलं. ते त्यांना देवाकडे दाखवलेलं वाटलं. "जय देवदेवेश्वर," ते म्हणाले आणि गेले.

वरचं देऊळ १७४९चं. नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाईंच्या पायाचं दुखणं आणि त्यासाठीचा नवस, अशी त्याची कथा सांगतात. पाय दुखणाऱ्या बाईच्या नवसाचं देऊळ एवढ्या पायऱ्यांवर का बांधलं, हे मात्र त्या कथेत येत नाही. मधल्या देवळात देवदेवेश्वर सहकुटुंब आहेत. आवारात विष्णू आहे, आणि बाजूला कार्तिकेयाचं वेगळं देऊळ. थोडक्यात कुटुंब एकत्र, पण थोरल्याची खोली स्वतंत्र.

या थोरल्याकडे बायकांनी जायचं नाही, अशी जुनी समजूत आहे. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेवढाच काळ जायला हरकत नाही. एरवी त्याचं दर्शन घेतलं तर काय काय होतं, ते आजीनं मला लहानपणी भीती घालत सांगितलं होतं. त्या समजुतीवर रागावण्यात माझी तरुणपणाची बरीच वर्षं गेली. त्या दिवशी मात्र धापा टाकत त्या देवळासमोर उभं राहिल्यावर मला निराळंच दिसायला लागलं. खाली धाकटा: स्वेटर, कानटोपी, मंगळवारची रांग, संकष्टीची त्याहून मोठी रांग, दिवाळीत सारसबागेत लोटणारी गर्दी, शिवाय दारात हास्यक्लब. वर हा: टेकडी, वारा, एक मोर, आणि वर्षातले बहुतेक दिवस अर्धी लोकसंख्या परस्पर कटाप. एकाही वहिनीनं त्याला कधी 'एकटेच?' म्हणून विचारलं नसेल. मोदक धाकट्याला मिळाले, हे खरं. पण दोघा भावांत वाटणीचा हिशेब नीट कुणी केलाय, असं मला वाटत नाही.

मी बाहेरूनच हात जोडले. समजुतीपोटी नव्हे. कुणी एकटं बसलंय तर उगाच कशाला आत जायचं?

तटाच्या कडेला गेले. दुसऱ्या बाजीरावांनी ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई पर्वतीवरून पाहिली, म्हणतात. पायथ्यापासून क्षितिजापर्यंत नुसत्या गच्च्या, टाक्या आणि टॉवर दिसत होते. नैऋत्येला सिंहगड धुरकट उभा होता. माझ्या शेजारी दोन काका खडकी नेमकी कुठल्या टॉवरच्या मागे येते, यावर हमरीतुमरीवर आले होते. बाजीरावांनी त्या दिवशी दक्षिणेकडून आणखी एक तुकडी सोडायला हवी होती, असं एकाचं म्हणणं होतं. दुसरा ते साफ फेटाळत होता. त्या लढाईचा निकाल लागून दोनशे वर्षं झाली, हे दोघांच्याही गावी नव्हतं. 'तुम्हाला काय वाटतं?' असा प्रश्न माझ्याकडे वळायच्या बेतात आहे, हे ओळखून मी तिथूनही सटकले.

पलीकडे, देवळाच्या मागच्या अंगाला, तटाच्या सावलीत एक चांगला कोपरा होता. तिथं एकच बाई बसलेली होती. पाठमोरी, पदर डोक्यावर, पाय पसरलेले, पुढ्यात कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे. एक दाणा उचलायचा, बोटांत चोळायचा, साल फुंकरीनं उडवायची, दाणा तोंडात टाकायचा, आणि पुढचा उचलण्याआधी बराच वेळ समोर बघत बसायचं. शेंगदाणे इतक्या सावकाश खाताना मी कुणाला पाहिलेलं नव्हतं. अख्ख्या सकाळीत आपल्या जातीचं कुणीतरी पहिल्यांदाच दिसलं, असं वाटून मी जरा जवळ गेले, तेव्हा तिनं मान वळवली.

आमच्या पोळ्यांच्या ताई होत्या.

काही क्षण आम्ही दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिलो. मग, सवयच असते माणसाला, त्या म्हणाल्या, "काकू? एकट्याच?"

"दाढ?" मी म्हटलं.

त्यांनी हातातल्या दाण्याकडे पाहिलं. "ह्या बाजूनं खातेय," त्या म्हणाल्या.

मी बसले. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत त्यांचं घर आहे. पहाटेचं पाणी भरायचं, मुलांचे डबे, मग उतार उतरून सदाशिव पेठेत चार घरच्या पोळ्या, आणि दुपारी तोच उतार चढून परत. ज्या चढाला आम्ही बूट घालून 'व्यायाम' म्हणतो, तो त्या रोज झिजलेल्या चपलांवर, पगाराविना चढतात. "घरात सहा जणं आन् खोली एक," त्या म्हणाल्या. "तिथं बसलं तर कुनी बसू देतंय? ऊठ, ह्ये कुठाय, त्ये कुठाय. हितं कुनी हाक मारत न्हाई."

"दाढ कधीपासून दुखतेय?"

"वरसातनं दोनतीनदा दुखती," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि पुडी माझ्यापुढं सरकवली.

त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी तरी तळ्यातल्या गणपतीला आलेले होते ना? त्यांना डॉक्टर लागतो, मला देव, एवढाच काय तो फरक. आम्ही मध्ये पुडी ठेवून आपापल्या दिशेला तोंड करून बसलो. त्या वसाहतीकडे बघत होत्या, मी सिंहगडाकडे. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सकाळपासून मी जे शोधत होते ते असं दोघींत मिळून सापडेल, याची मला कल्पना नव्हती. दाणे जरा खारट होते.

मोबाइल वाजला. अहो.

"अगं, कुठं आहेस? एवढा वेळ कसला गणपती? आणि ताई आल्या नाहीत अजून. आई विचारतेय, पोळ्यांचं काय?"

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी झटकन तळवा गालाला लावला. ज्या बाजूनं खात होत्या त्याच गालाला.

"त्यांची दाढ दुखतेय. निरोप आलाय," मी म्हटलं.

"मग उद्या तरी येतायत का?"

मी मोबाइलवर हात धरून ताईंकडे भुवया उंचावल्या. त्यांनी उरलेल्या दाण्यांचा अंदाज घेतला, पुडी नीट मिटून कनवटीला खोचली, आणि हळूच म्हणाल्या, "अक्कलदाढ हाय म्हनावं. दोन दिवस जात्यात."